गावकीचं पातेलं

तानूबाईचं पातेलं दुसऱ्यांदा परत आलं.

घेऊन आली ती तिची सासू आक्काबाईच. चुलीपाशी ठेवत म्हणाली, गावकीच्या भांड्यांत एवढं एकच बसत नाही.

गावात लग्न निघालं की देवळातली भांडी बाहेर येतात. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. सुनेनं दिलेलं असेल तर खाली तिच्या बापाचं नाव आणि गावही, म्हणजे पंगतीत माहेराचा मान राहतो. जिचं भांडं देवळात नाही ती सून पंगतीला पाहुणी.

तानूबाई चौदा वर्षं पाहुणीच होती. तिचा नवरा म्हस्कू तिकडं चिपळूणला रस्त्याच्या कामावर होता, जिथं गावोगावची माणसं राबायला यायची; तिथून एसटीनं दोघं इंदापूरला उतरली. लग्न करून आलोय, एवढंच म्हस्कू म्हणाला. उरलेलं गावानं आपलं आपण ठरवलं. कोकणातली, म्हणजे दर्यावरची, म्हणजे मासेखाऊ. घाटाखालची सोयरीक कोण विचारत बसतो? तिचं नावच 'कोकणी' पडलं. तिनं मासे कधी रांधले नाहीत ते आपल्या धाकानं, असं आक्काबाई सांगायची. इथली बोली तर तिनं चार महिन्यांत अशी उचलली की बायकांनी तोंडात बोटं घातली.

म्हस्कू वारला तरी ती राहिली. रोज संध्याकाळी धरणाच्या पाण्याकाठी जाऊन पलीकडं बघत बसायची. दिसतो का गं समुद्र, असं बायका विचारायच्या. ती हसायची.

ते पाणी गावाच्या दाराशी आलं त्यालाही तेवढीच वर्षं झाली होती. आत हातहातभर मासे, आणि गावात पाण्यात उतरणारं कुणी नाही. पूर्वीची मेंढरं राखणारी माणसं, आता ऊस लावणारी. त्या वर्षी सरकारी साहेब येऊन सांगून गेला, इथं मासेमारीची सोसायटी द्यायची आहे. जाळं विणणारी आणि फेकणारी अकरा माणसं ज्या तीरावर दिसतील, सोसायटी त्या तीराची.

तेव्हा गाव जागं झालं. पलीकडच्या हिंगणवाडीशी बोलणं बंद होऊन तीस वर्षं झाली होती. भांडण जत्रेतल्या एडक्यांच्या टकरीचं. इकडचा एडका बिरूआबांचा, तिकडचा गेणबाचा. आधी कोण मागं सरला यावर एकमत झालं नाही, आणि दोन गावांत पोरी देणं-घेणंच थांबलं. तिकडची फक्त मयताची बातमी इकडं यायची.

सरपंच दादासो तानूबाईच्या दारात आला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्यानं तिला वहिनी म्हटलं.

"शिकवते," ती म्हणाली. "पण माझं पातेलं घ्यायचं."

"घिऊ की. बापाचं नाव बी घालू. मग त्यो खलाशी आसू, न्हायतर कोण बी."

तिनं दहा बायका निवडल्या आणि पाण्याकडं न नेता खळ्यावर नेल्या. बिरूआबांच्या आढ्याला मेंढरं कोंडायचं जुनं जाळं होतं, वाघर. मेंढरं विकून वीस वर्षं झाली तरी आबांनी ते टाकलं नव्हतं. तानूबाईनं ते मागून आणलं, फाटलं होतं तिथं विणलं, आणि बायकांना त्यावरच गाठ शिकवली. मग नायलॉनचा दोरा आणून बारीक जाळी विणली. फेकायची सवय कोंबड्यांवर. तानूबाईनं पहिल्यांदा फेकलेलं जाळं ओल्या लुगड्यासारखं पडलं. दर्यावरची जाळी जड असतील, बायकांनीच तिची बाजू घेतली. आठ दिवसांत मात्र तिचा हात बसला. आक्काबाईच्या तलंगीनं तोवर धसक्यानं अंडी द्यायचं सोडलं होतं.

बिरूआबा वाघर न्यायला आले. नव्यानं विणलेल्या जागी त्यांनी बोट फिरवलं.

"दुहेरी गाठ हाय."

"आमच्याकडं अशीच घालत्यात, आबा."

"कुठं?"

"म्हायेरी."

आबांनी ती गाठ अंगठ्यानं पुन्हा एकदा चाचपली. मग वाघर तिच्याकडंच ठेवून गेले.

एका दुपारी दादासो खुशीत आला. पलीकडच्यांची पंचाईत झाली म्हणाला. "जाळं इणणारा त्यो म्हातारा गेणबा एकलाच उरला हुता. परवा त्यो बी गेला."

तानूबाईनं हातातला वेढा पुरा केला. त्या संध्याकाळी ती पाण्याकाठी बसली ती अंधारलं तरी उठेना. भाकरीलाही शिवली नाही. आक्काबाई शेजारणीला म्हणाली, शिकवता शिकवता हिला समुद्राची लईच याद आली.

साहेब आला त्या दिवशी अकरा जाळी पाण्यावर परातीसारखी गोल पडली. पहिला मासा तानूबाईच्या जाळ्यात आला, चांगला हातभर. तिनं पदर हाताला गुंडाळून तो धरला आणि धरल्या धरल्या दादासोच्या अंगावर टाकला. पहिला मासा सरपंचाला दिला, साहेबासमोर बाईनं अदब राखली, असं सगळे म्हणाले. सोसायटी गावाला मिळाली.

पुढच्या आठवड्यात भांड्यांवर नावं घालणारा निमगाव केतकीच्या बाजारातून येऊन देवळापुढं बसला. भोवती गाव जमलं. 'तानूबाई म्हस्कू खरात' एवढं कोरून त्यानं हात थांबवला आणि बापाचं नाव-गाव विचारलं.



"सांगा वहिनी," दादासो म्हणाला. "एवढ्या लांबचं गाव, आमाला तरी काय कळतंय?"

ती उठली. पातेलं उचलून घरी न्यायला तिनं हात पुढं केला. तेवढ्यात बिरूआबांनी पातेल्यावर आपला हात ठेवला.

"बस खाली, पोरी," ते म्हणाले. मग नाव घालणाऱ्याकडं वळले. "ती दुहेरी गाठ मी आंधळा झालो तरी वळखीन. लिही तू. कैलासवासी गेणबा, मुक्काम हिंगणवाडी."