शाबासकी

नगरपालिकेच्या अनुदानातून आईच्या छतावर सोलर बसलं, तेव्हा परगावच्या लेकाने बजावलं, "उरलेल्या युनिटची बिलात सूट मिळते, आई. काही वाया घालवू नकोस हं!"

घरातला वापर त्याला मोबाइलवर दिसायचा. वापर घटला की शाबासकीचा फोन यायचा, एरवी नाही. त्या फोनपायी आईने आधी फ्रिज बंद केला, मग भर उन्हाळ्यात पंखाही.

मग आठवडाभर वापर शून्य. फोन लागेना, तेव्हा त्याने मेसेज टाकला, "मोबाइलही चार्ज करत नाहीस वाटतं! कमी वापराचं नगरपालिकेचं बक्षीस आपलंच बघ!"

बक्षीस खरंच मिळालं. सत्काराला आलेल्या साहेबांना दार फोडावं लागलं.



आणलेली फुलं वाया गेली नाहीत.