कुंभारणीचं घर

नणंद घरी राहायला आली तर मंदावहिनींचा दुहेरी फायदा होता. सुनेच्या बाळंतपणाला हक्काचे दोन हात मिळणार होते, आणि वर ‘एकट्या नणंदेला सांभाळलं’ हे नावही.

म्हणून त्या सकाळीच येऊन थडकल्या. नणंद, म्हणजे विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका शरयूताई, कढईत डिंकाच्या लाडवांचं मिश्रण परतत होत्या. त्यांनी तयार मिश्रणाची परात वहिनींपुढे सरकवली. “बरं झालं आलात. गरम आहे तोवर लाडू वळा.”

वळता वळता वहिनी मुद्द्यावर आल्या. “या वयात एकटं कशाला राहायचं, वन्सं? बघा, खिडकीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय. घरात बाळ येणार असलं की करते म्हणतात. तुम्हाला बोलावणंच आलंय!”

“ती कुणाला बोलवत नाही, वहिनी. माशी एकांडी आहे. मधमाश्यांसारखं तिला ना पोळं, ना राणी. एकटीच चिखल आणते, अंडं घालते, शेजारी अळ्या भरून ठेवते आणि तोंड लिंपून निघून जाते.”

“पोर बघायलासुद्धा येत नाही?”

“नाही. पण त्याला उपाशी ठेवत नाही.” शरयूताईंनी सगळे लाडू डब्यात भरले, झाकण घट्ट दाबलं. “सून बाळंत झाली की रोज एक द्या. मी बाळ बघायला येईन. राहायला नाही.”

वहिनी डबा घेऊन रिक्षात बसल्या. तळवे अजून चरचरत होते. तूप, डिंक, खारीक, सगळं नणंदेचं. हात तेवढे वहिनींचे स्वतःचे लागले होते.