दुसरी वेलांटी

वेलांटी बदलायला त्याला क्षणसुद्धा लागला नाही. पहिली खोडली, समासात दुसरी काढली, आणि ‘साम्राज्य दिन’चं झालं ‘साम्राज्य दीन’. छत्तीस वर्षं सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच बरोबर शब्द मुद्दाम चुकवला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला भलतंच गार वाटलं.

चुका सुधारून सुधारून तो विटला होता. पळून आलेल्या फौजेला ‘विजयी’ म्हणायचं, उपाशी लोकांना ‘समाधानी’, आणि वर शुद्धलेखन मात्र चोख हवं! खोटं बोला पण ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून बोला, असला तो कारभार.

उत्सवाच्या फलकाचं शेवटचं मुद्रित सर्वोच्च साहेब स्वतः पाहून सही करत. ती झाली की त्यातलं टिंबही हलवायची कोणाची छाती नव्हती. सही झाली. चौथ्या दिवशी चौकाचौकांत दोन-दोन मजली फलक लागले.

बायकोच्या नजरेतून ते सुटणार थोडंच! ती शाळेत भाषा शिकवायची. त्या संध्याकाळी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरली आणि दार लोटून हळूच म्हणाली, “ही तुमची वेलांटी आहे.”

“खाली साहेबांची सही आहे,” तो म्हणाला.

तिला हसू आलं नाही. नोकरी जाईल, सरकारी घर जाईल, या वयात तुम्हाला तुरुंग सोसायचा नाही, असं ती भाजी चिरताना बोलतच राहिली. नसत्या भानगडीत पडणं तिच्या स्वभावातच नव्हतं. दरवर्षी मिरवणुकीत ती इमानेइतबारे झेंडा हलवायची, घोषणा द्यायची आणि घरी येऊन पाय शेकत बसायची. त्याला या भित्रेपणाची चीड यायची. घरात एकाला तरी कणा आहे, असं तो मनाशी म्हणायचा.

शहर मात्र गालातल्या गालात हसत होतं. न्हाव्याने तर दाढी करता करता त्याला विचारलं, की यातले दीन नेमके कोण, आपण का ते? हसू आवरताना त्याची हनुवटी कापता कापता राहिली.

आठव्या दिवशी वरून बोलावणं आलं. त्याने धुतलेला सदरा घातला. हो, मीच केलं, आणि जाणूनबुजून केलं, हे वाक्य तो जिना चढताना घोकत होता. एकदा तोंडावर बोलून टाकू, मग काय व्हायचं ते होवो.

अधिकाऱ्याने त्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

“फलक साहेबांनी स्वतः पाहिलाय,” अधिकारी शांतपणे म्हणाला. “साहेबांच्या नजरेतून चूक सुटत नाही. म्हणजे चूक शब्दकोशात आहे.”

नवा नियम टाइप होऊन तयारच होता. दिवस या अर्थाचा शब्द यापुढे दुसऱ्या वेलांटीनेच लिहायचा. पहिली काढली तर राजद्रोह. खाली भाषातज्ज्ञ म्हणून त्याची सही तेवढी हवी होती. घोकलेलं वाक्य त्याने चहाबरोबर गिळलं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्याने सही केली.

घरी येऊन बायकोला सांगितलं, तेव्हा त्याची मान वर होत नव्हती.  ती वह्यांचा गठ्ठा पुढे ओढून तपासत बसली. सुटलो एकदाचे, असंच तिला वाटत असणार, असं तो धरून चालला.

महिन्याभरात सगळे रुळले. भिंतीवर दीनदर्शिका आली. न्हाव्याने दुकानावर ‘आज सुट्टीचा दीन’ अशी पाटी लावली आणि मुद्रितं तपासणाऱ्या त्याच्या नजरेलाही त्यात काही वावगं दिसेनासं झालं.

मग एका सकाळी तातडीचं मुद्रित टेबलावर आलं. दुपारी ताब्यात घ्यायच्या राजद्रोह्यांची पहिली यादी. त्याने सवयीने लाल पेन उघडलं. पहिलंच नाव त्याच्या बायकोचं होतं, आणि पुढे गुन्हा नोंदवला होता: नवा नियम शिकवण्यास निरीक्षकांनी सांगितले असता, बाईंनी त्यांच्यादेखत सबंध वर्गाकडून ‘दिन’ हा शब्द शंभर वेळा लिहून घेतला, पहिल्या वेलांटीने.