पत्त्याच्या शेवटची मोकळी जागा

मीटिंग तोंडावर आली होती आणि नेमकी हवी ती फाइल घरच्या कॉम्प्युटरवर राहिली होती. तिने सासऱ्यांना फोन लावला. फाइल पाठवण्याचा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. त्यात ऑफिसच्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता तेवढा द्यायचा. तो तिने मेसेजवर पाठवला, तिथून उचलून तसाच डकवायला.

"अगं, पत्ता चुकीचा आहे म्हणतोय हा," सासरे पुन्हा म्हणाले.

"बाबा, चार आकडे आणि मध्ये ठिपके. एवढंही जमत नाही का तुम्हाला?" तिचा आवाज चढला. आजूबाजूच्या माना वळल्या.

"माझंच काहीतरी चुकत असेल," म्हणत ते परत खटपटीला लागले.

शेजारच्या सहकाऱ्याने तिचा मेसेज जसाच्या तसा उचलून आपल्या कॉम्प्युटरवर त्याच प्रोग्राममध्ये घातला. तिथेही पत्ता चुकीचाच. तिने पाठवलेल्या पत्त्याच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली होती आणि ती आपोआप गाळायची सोय तिने प्रोग्राममध्ये केलीच नव्हती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, शेवटची मोकळी जागा पुसा," ती कशीबशी म्हणाली. "तुमचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती."

"हळू बोल गं," ते घाईघाईने म्हणाले. "तिथे तुझे साहेब ऐकतील."