दुसरा शेवट

"गेम कसला, नुसती मारामारी आहे ती," वेदिका म्हणाली. "दहा पावलं चाललं की आले दहा जण तलवारी घेऊन. त्यांना संपवलं की पुढच्या वळणावर परत तेच. श्वास घ्यायला जागा नाही."

"मग मारामारीचाच गेम आहे तो! भजनाचा आहे का?" रुद्रने चहाचा कागदी कप टपरीच्या फळीवर आदळला. चहा हातावर सांडला, पण त्याचं लक्षही गेलं नाही. "तू पॅरी शिकलीच नाहीस. वार अंगावर यायच्या ऐन क्षणी तो अडवायचा, मग समोरच्याचा तोल जातो. तुझं आपलं दिसला की हाण, दिसला की हाण."

"त्यातही दम आहे भाऊ," वाल्मीक म्हणाला.

"तू गप रे!" दोघं एकदमच ओरडले.

तिघं कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनचे दोस्त. एरवी हा वाद गंगापूर रोडच्या गेमिंग पार्लरमध्ये रंगायचा. आज ते मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलसमोर उभे होते आणि वर तिसऱ्या मजल्यावर रुद्रच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन चालू होतं. त्याचे पप्पा हिरामण एसटीत ड्रायव्हर, पेठच्या गाडीवर. सकाळी त्यांना आत नेलं, ते दुपार कलली तरी आतून कोणी काही सांगितलं नव्हतं.

रुद्रला एका जागी उभं राहवत नव्हतं. कुंभमेळ्याच्या कामासाठी रस्ता खोदून ठेवला होता, त्या चरापर्यंत तो जायचा आणि माघारी यायचा. मोबाइल काढायचा, बघायचा, खिशात टाकायचा. वर बाकड्यावर आई पप्पांच्या चपला पिशवीत घालून, ती पिशवी मांडीवर धरून बसली होती. ती पिशवी बघवेना म्हणून तो खाली पळून आला होता. इथे वेदिकाने गेमचा विषय काढला आणि बुडत्याने दोरी पकडावी तसा त्याने तो वाद पकडला.

"लढाई काढून टाकली तर उरतं काय त्यात?" तो परत फिरत म्हणाला. "बर्फ बघत फिरायचं? प्रत्येक लढाईत काहीतरी नवीन शिकवतो तो गेम. चुकलास, मेलास, परत उभा राहिलास. हात आपोआप तयार होतात."

"आणि एवढं करून मिळतं काय?" वेदिका आता खरोखरच तापली होती. "बापाला सोडवायला ती गेममधली पोरगी सगळी फौज कापत किल्ल्यात पोचते, कोठडीचं दार उघडते, आणि बाप तिच्या मांडीवर मरतो! मग कशाला लढायचं एवढं?"

बोलून गेली आणि तिचा चेहरा पडला. चहावाल्याचा स्टोव्ह तेवढा फरफरत होता.

"मरत नाही," वाल्मीक एकदम म्हणाला. "म्हणजे... दुसरा पण शेवट आहे. त्यात वाचतो तो."

रुद्रने त्याच्याकडे पाहिलं. गेममधला एकेक संवाद रुद्रला पाठ होता. दुसरा शेवट नव्हता. वाल्मीक स्टोव्हकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"कसा मिळतो?" रुद्रने विचारलं.

"अं... शेवटच्या पहारेकऱ्याला मारायचंच नाही. नुसतं अडवत राहायचं. लय वेळ. मग तोच दमतो आणि किल्ली टाकून निघून जातो."

"मग?"

"मग दार उघडलं की म्हातारा बसलेला असतो, भिंतीला टेकून."

"बोलतो का काही?"

"म्हणतो, एवढा उशीर? जेवलीस का?"

वेदिकाने तोंड रस्त्याकडे फिरवलं.

"बरं," रुद्र म्हणाला. "करून बघतो."

तेवढ्यात फोन वाजला. आई एवढंच म्हणाली, "वर ये." लिफ्टची वाट न बघता तो जिन्याने धावत सुटला.

आई बाकड्यावर नव्हती. जिन्यालगतच्या खिडकीपाशी उभी होती. रुद्र धापा टाकत तिच्यासमोर येऊन थांबला.

"डॉक्टर येऊन गेले," तीच म्हणाली. "झालं म्हणे नीट. पण शुद्धीवर यायला वेळ लागंल. तोवर काही सांगता येत नाय म्हणे."

रुद्र बाकड्यावर बसला. आई शेजारी येऊन टेकली. समोर ऑपरेशन थिएटरचं दार बंदच होतं.

"खाली काय चाललं होतं रे तुमचं?"

"काही नाही. गेमवरून."

"केवढे हातवारे चालले होते तुझे! मी खिडकीतून बघत होते मघापासून." तिने पदराने तोंड पुसलं. "या दाराकडं बघून बघून जीव घाबरा झाला होता. मग तुझ्याकडंच बघत राहिले."

रुद्रचा पाय एकसारखा हलत होता. सगळं बाकडं थरथरत होतं. आईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, तरी तो थांबेना.

"जा तू खाली," ती म्हणाली. "जा, भांड थोडं. मी बघते इथून."