दहावा हिस्सा

स्पेनमध्ये सान्तियागोच्या पायी यात्रेला निघणारा माणूस सगळं मागे ठेवून निघतो. एवारिस्तोला त्याआधी फक्त एक स्लीपिंग बॅग हवी होती, हलकी पण ऐसपैस. ती घ्यायला बायको, विसी, बरोबर आली होती, म्हणजे मागे ठेवायचं त्यातलं निम्मं बरोबरच होतं.

लोग्रोन्यो शहरात ताडेओचं यात्रेकरूंच्या सामानाचं दुकान यात्रेच्या वाटेवरच आहे. ताडेओ स्वतः ती वाट तीनदा चाललाय, आणि हे गिऱ्हाइकाला दाराशीच कळतं.

"आधी वजन करू," तो म्हणाला.

"कशाचं? सॅक तर घरी आहे."

"तुमचं. आपल्या वजनाचा दहावा हिस्सा पाठीवर घ्यायचा. त्याच्या वर गेलात की गुडघे राजीनामा देतात. पहिल्या खेपेला माझे..."

विसी काट्याकडे बघत होती. ती आली होती काट्यासाठीच. नवऱ्याचं हे आजारी शरीर आता एवढं चालायचं नाही, हे डॉक्टरने तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगून झालं होतं. एवारिस्तोने तिन्ही वेळा मान डोलावली होती आणि येताना बूट विकत घेतले होते. घरचा काटा ऑगस्टपासून बाल्कनीत कुंडीखाली होता. 'पुढच्या वर्षी जा' असं मात्र डॉक्टर एकदाही म्हणाला नव्हता.

एवारिस्तो बुटांसकट काट्यावर चढला.

"कोट काढ," विसी म्हणाली.

"का? वाटेत काय उघडा चालणारे मी?"

लाल आकडे थोडे घुटमळले आणि एकाहत्तरवर थांबले.

"झकास," ताडेओ म्हणाला. "म्हणजे सात किलो. पाणी धरून."

"अकरा," एवारिस्तो म्हणाला. "मी एकशे बारा किलोचा माणूस आहे."

ताडेओने विसीकडे पाहिलं. जे दाखवायला तिने नवऱ्याला इथवर आणलं होतं ते समोर लाल आकड्यांत उभं होतं, आणि ती मोज्यांच्या किमती वाचत होती.

"काटा नवा आहे हो," ताडेओ म्हणाला.

"म्हणूनच. त्याला अजून माणसं ओळखता येत नाहीत."

ताडेओने दोन बॅगा काउंटरवर ठेवल्या. एक मुठीत मावेल एवढी. "ही घ्या. पाठीवर आहे की नाही कळणार पण नाही."

एवारिस्तोने ती उलगडली, आत डोकावला. "यात माझा एक पाय जाईल. दुसऱ्याने कुठं झोपायचं?"

"मग ही दुसरी. धिप्पाड माणसासाठी आहे. गुडघे दुमडा, कुशीवर वळा, काय हवं ते करा. पण वजनाला दुप्पट. तुम्हाला खरं सांगायचं तर..."

"हीच."

"एवारिस्तो, ऐक ना जरा ते काय म्हणतायत."

"चाळीस वर्षं माझ्यामुळे भिंतीला चिकटून झोपलीस, आणि मला किती जागा लागते ते आता यांना विचारतेस?"

नवरा-बायकोच्या भांडणात दुकानदाराने करायचं असतं ते ताडेओने केलं, म्हणजे विषय बदलला. "हा काउंटर बघताय? अख्ख्या ओकचा. दुकान घातलं तेव्हा एका हमालाने एकट्याने पाठीवर घेऊन आत आणला. काय दांडगा गडी होता! ही मोठी बॅग त्याला शोभली असती."

एवारिस्तोने काउंटरच्या कडेवरून हात फिरवला.

"एकट्याने नाही," तो म्हणाला. "एक जण दार धरून उभा होता."

ताडेओने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तो एकदाही वजनाबद्दल बोलला नाही. कोपऱ्यात गिऱ्हाइकांना पडून बघायला यात्रेकरूंच्या धर्मशाळेतली एक लोखंडी खाट होती. तिच्यावर त्याने मोठी बॅग स्वतःच्या हाताने पसरली आणि सुरकुत्या काढल्या.

एवारिस्तोने बूट काढले, आत शिरला, चेन हनुवटीपर्यंत ओढून घेतली. बॅग होती तशीच सपाट राहिली. आत माणूस आहे हे वर डोकं होतं म्हणून कळत होतं. आत त्याचा एक हात सरकत गेला, आणखी सरकत गेला. कडेला लागायला त्याला वेळ लागला.

बाहेरून यात्रेकरूंचा एक घोळका काठ्या आपटत गेला. चाळीस वर्षं लोकांची कपाटं जिन्यावरून वाहताना तो या लोकांना हसत आला होता, की बघा, हे फुकट ओझी वाहतात.

"विसी," तो छताकडे बघत म्हणाला, "जागा फार आहे गं."

हीच वेळ होती. 'चल घरी' एवढंच म्हणायचं होतं. बसमध्ये तिने ते दोन शब्द पाठ करून ठेवले होते.

तिने पर्स काउंटरवर ठेवली. बूट काढून त्याच्या बुटांशेजारी लावले.

"सरक," ती म्हणाली. "भिंतीकडची बाजू माझी."

"बाई, ती एकाची आहे," ताडेओ म्हणाला.

एवारिस्तो सरकला. तिने आतून चेन ओढली. ती कुठेही न अडकता वरपर्यंत गेली. आता उशीच्या जागी दोन पांढरी डोकी होती.

"सॅक मीच घेणार पाठीवर," तिचा आवाज आला.

"बघू."

"बघू नाही. तू दार धरायचं."

ताडेओने घसा साफ केला. "मग बाईंसाठी अजून एक काढू का? ती छोटी?"

"नको," विसी म्हणाली. "वजन वाढेल."

ती बॅग एका धिप्पाड माणसासाठी बनवलेली होती.