काडीवरची खूण

"बघ लवकर," नानासाहेब म्हणाले.

ड्रायव्हर शफीनं इंजिनातली तेल मोजायची काडी बाहेर ओढली आणि डोळ्यांजवळ धरली.

"थांबावं लागंल, साहेब."

सकाळचे सात वाजले होते. शहागंजामागच्या गल्लीत मोटार बॉनेट उघडं टाकून उभी होती. मिस्त्री जालन्याला गेलेला, म्हणून पहाटेच शफीनं स्वतः जुनं तेल काढून नवं भरलं होतं. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं होतं, तेल खाली उतरू दिलं होतं. तेवढ्यात कापसाच्या लॉरीवाल्यानं सोयगावहून निरोप आणला.

तिथल्या मळ्यात नानासाहेबांची थोरली बहीण द्वारकाबाई राहायची. तिच्यापाशी नानासाहेबांची एकुलती एक मुलगी, मनकर्णा. वय वीस. लग्नानंतर सहा महिन्यांतच नवरा गेला, तेव्हापासून ती मळ्यातच होती. निरोप एवढाच होता, "पोरीचं लक्षण ठीक नाय. दुपारच्या आत या, नायतर हातची जाईल."

"थांबायचं कशाला?" नानासाहेबांनी विचारलं. त्यांच्या कोटाची बटणं वरखाली लागली होती.

"गाडी उतारावर हाय. तेल एका अंगाला जातं, काडी खोटं बोलती."

"इथं कुठं आलाय उतार?"

"डोळ्याला दिसत नाय, साहेब. अजंठ्याचा घाट उतरायचाय. तेल कमी पडलं तर इंजिन जाम होईल. मग ना पुढं, ना मागं."

सोयगावकडची उतारूंची सर्व्हिस मोटार साडेसहालाच सुटून गेली होती. दुसरी उद्या. नानासाहेबांनी शेजारच्या दोघांना हाका मारल्या आणि स्वतःही मोटारीला खांदा लावला. उभ्या जन्मात त्यांनी गाडी ढकलली नव्हती.

कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत शफीनं पुन्हा इंजिन चालवलं, बंद केलं आणि नुसता उभा राहिला.

"आता काय?"

"नवं तेल हाय. सावकाश उतरतं खाली."

पाव तास गेला. शफीनं काडी काढली, चिंधीनं कोरडी पुसली, पार आतवर घातली, पुन्हा काढली. नानासाहेब वाकून बघायला लागले. त्यांना नुसतीच चकाकी दिसली.

"हाय की तेल!"

"जास्तच हाय, असं वाटतं. जास्तीनं फेस होतो, साहेब. ते बी वाईट."

नानासाहेबांची बायको सारजाबाई लोटाभर पाणी घेऊन आल्या. डोळे सुजलेले. "शफीभाई," त्या म्हणाल्या, "माझी एकच लेक हाय हो."

"ठाऊक हाय, बाईसाहेब," शफी म्हणाला. पाणी न पिताच तो मोटारीखाली शिरला. खालचा नट गळतो का ते बघायचं होतं.

तो बराच वेळ बाहेर आला नाही. आठ वाजले, नऊ झाले. बाहेरून नानासाहेबांचे जोडे तेवढे दिसत होते, इकडून तिकडं, तिकडून इकडं. बाहेर येऊन त्यानं तिसऱ्यांदा काडी काढली आणि मान हलवली. तेव्हा नानासाहेबांनी त्याची गचांडी धरली.

"तुझ्या पाया पडू का मी? पोरगी जाईल रे माझी!"

मग त्यांचा हात आपोआपच सुटला. ते फूटबोर्डावर बसले आणि गल्लीतल्या लोकांदेखत रडायला लागले. बारा वर्षं शफीनं या माणसाचं मीठ खाल्लं होतं. सगळं टाकून पळून जावं, असं त्याला वाटलं. तो चिंधी पिळत राहिला. चिंधीत पिळण्याजोगं काहीच नव्हतं.

"एक डाव अजून," तो म्हणाला.

पुन्हा इंजिन चालवून, तेल उतरायची वाट पाहून, चौथ्यांदा काडी बघून त्यानं बॉनेट लावलं. दहाला पाच कमी होते.

नंतर मात्र शफीनं गाडी कुठं थांबवली नाही. फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं. घाटात नानासाहेब डोळे मिटून पुटपुटत होते. इंजिन एका सुरात चाललं होतं.

मळ्यात पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. द्वारकाबाई ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या.

"कुठाय?" नानासाहेबांना पुढं बोलवेना.

"गेली."

नानासाहेबांनी खांबाला धरलं.

"बाराला बैलाच्या दमणीत बसली. म्या आडवी पडले, पण मला म्हातारीला काय आवरती? एव्हाना हद्दीवरचा करोडगिरीचा, जकातीचा नाका ओलांडला आसंल. पलीकडं इंग्रजाचा मुलूख. पुण्याला जाते म्हणली, नर्सबाई व्हायला."

"मागच्या दिवाळीला गाठली होती," नानासाहेब म्हणाले. "नाक्याच्या अलीकडं. या पोरीनं माझं नाक कापलं, शफी."

"जी."

मागच्या दिवाळीला मोटार वेळेवर पोचली होती. हात बांधलेल्या मनकर्णाला त्याच मोटारीच्या मागच्या सीटवर टाकून शफीनंच मळ्यात परत आणलं होतं. सगळ्या वाटेनं ती एकच म्हणत होती, "शफीचाचा, हळू चालवा."

"तेलानं घात केला," नानासाहेब म्हणाले.

"जी, साहेब."

तेल पहिल्यापासून बरोबर खुणेवर होतं. शफीनं ते चारही वेळा पाहिलं होतं.